दाव्यात उशिरा दुरुस्ती: अर्ज कसा करायचा, खर्च कसा मागायचा

पुरावा अर्ध्यावर आला की वादीच्या लक्षात येतं, दाव्यात एक मागणी राहूनच गेली. मग दुरुस्ती अर्ज येतो, समोरचा हरकत घेतो आणि बऱ्याचदा कोर्ट ‘खर्चाच्या अटीवर मंजूर’, म्हणजे समोरच्याला झालेला खर्च भरून द्यायच्या अटीवर मंजूर, असा हुकूम करतं. वाद मग तिथे सुरू होतो: खर्च किती, भरायचा कधी आणि भरला नाही तर काय?

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधल्या आदेश 6 नियम 17 खाली वादीला दावा आणि प्रतिवादीला कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) दुरुस्त करता येते. दुरुस्ती खऱ्या वादाच्या निकालासाठी आवश्यक हवी. 1 जुलै 2002 पासून या नियमाला परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी जोड, आहे. पुरेशी दक्षता घेऊनही ही बाब आधी मांडता आली नसती, अशी कोर्टाची खात्री झाल्याशिवाय सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळत नाही. सुनावणी सुरू झाली कधी? सरतपासणीचं (साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूच्या जबानीचं) शपथपत्र दाखल झालं की, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं.

‘नजरचुकीने राहून गेले’ हे अर्जांतलं सर्वात लाडकं वाक्य. पण नजरचूक म्हणजे दक्षता नव्हे, उलट ती नसल्याची कबुलीच. त्याऐवजी कोणता कागद, कोणत्या तारखेला, कुठून हाती आला ते लिहा. समजा, मनाईचा (प्रतिवादीला एखादी गोष्ट करण्यापासून रोखण्याचा) दावा चालू असताना प्रतिवादीने वादीच्या जमिनीवर कुंपण घातलं. ताब्याची मागणी आधी करणं शक्यच नव्हतं, त्यामुळे असा अर्ज टिकतो. तेच कुंपण दाव्याआधीचं निघालं तर अवघड.

अर्जाला शपथपत्र जोडा. दुरुस्तीचा मजकूर शब्दशः द्या: कोणत्या परिच्छेदात, कोणत्या ओळीनंतर, काय घालायचं, काय खोडायचं. आधाराचे कागद लावा. मागणी वाढल्याने मूल्यांकन बदलत असेल तर फरकाची कोर्ट फी भरावी लागते. नवी मागणी मुदतबाह्य असेल तर विरोध होणारच, तेव्हा मुदतीचा हिशेब अर्जातच मांडलेला बरा.

आता समोरच्याचं म्हणणं, म्हणजे अर्जाला दिलेलं लेखी उत्तर. इथे बहुतेक जण दोन पानं हरकत लिहितात आणि खर्चाबद्दल एक ओळही लिहीत नाहीत. मग कोर्ट अंदाजाने एक आकडा टाकतं आणि तो हमखास तोकडा असतो. रेवाजीतू बिल्डर्स प्रकरणात (2009) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खर्च नाममात्र नको, वास्तव हवा. अर्ज कोणत्या टप्प्यावर आला आणि समोरच्याला किती जादा तारखांना यावं लागलं, हेही मोजावं. तेव्हा म्हणण्यातच हिशेब द्या: रोजनाम्यावरून (कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीवरून) वाया गेलेल्या तारखा, साक्षीदाराचा प्रवास, वकील फीची पावती, जादा कैफियतीचा आणि पुन्हा उलटतपासणीचा खर्च. काहींना वाटतं, तीन हजारांपलीकडे खर्च लावताच येत नाही. ती मर्यादा संहितेच्या कलम 35-अ मधल्या, खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दलच्या भरपाईची आहे. दुरुस्तीचा खर्च नियम 17 मधल्या ‘न्याय्य अटीं’खाली येतो.

अर्ज मंजूर झाला म्हणजे काम संपलं असं नाही. हुकुमात मुदत दिली नसेल तर नियम 18 प्रमाणे 14 दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष दाव्यात उतरवावी लागते. ते राहिलं तर मुदतवाढीशिवाय ती करता येत नाही. खर्च ही मंजुरीची अट असेल तर आधी पैसे भरा, पावती फाइलला लावा. समोरचे घेत नसतील तर कोर्टात जमा करण्याची परवानगी मागा.

प्रतिवादीने खर्च घेताना सावध राहावं. हुकूम सशर्त असताना पैसे मुकाट घेतले, तर पुढे त्याच हुकुमाला आव्हान देताना ‘तुम्ही फायदा घेतलात’ हा आक्षेप येतो. आव्हान द्यायचं ठरलेलं असेल तर पैसे घेऊच नयेत. घ्यायचेच असतील तर पावतीवर ‘हक्क राखून’ असं लिहून घ्यावेत, तरी हा शेरा पुरेल याची हमी नाही. दुरुस्ती मंजूर करणाऱ्या हुकुमावर अपील नाही. संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. नाहीतर दाव्याच्या निकालावर अपील करताना संहितेच्या कलम 105 खाली तो मुद्दा घेता येतो.