बुजवलेल्या खिडकीमागे दरवेळी कर नसतो

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक सरदारी वाड्यांची आता आलिशान हॉटेलं झाली आहेत. तिथे उतरलेल्या पाहुण्याला दर्शनी भिंतीत विटांनी बंद केलेली खिडकी दिसते आणि हमखास ऐकायला मिळतं, "खिडकी-कर चुकवायला बुजवली."

घराच्या खिडक्या मोजून आकारला जाणारा हा कर खरा होता. १६९६ साली लागू झाला, १८५१ साली रद्द. त्यापायी अनेक खिडक्या खरोखर बुजल्या. शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या गरिबांचा तर उजेड आणि वाराच तुटला, हे विसरता कामा नये.

पण अठराव्या शतकातल्या धनिकाला दर्शनी बाजूचा समतोल प्राणप्रिय होता. आत धुराड्याची नळी किंवा आडवी भिंत आली, तरी बाहेर खिडक्यांची रांग तुटू द्यायची नाही, म्हणून आंधळी खिडकी, म्हणजे खिडकीचा नुसता आकार असलेली बंद भिंत, पहिल्यापासूनच बांधत. काहींवर खोट्या चौकटी आणि काचाही रंगवलेल्या असतात.

जवळ जाऊन विटा पाहा. भोवतीच्या भिंतीसारख्याच असतील, थर जुळत असतील, तर खिडकी बहुधा मूळचीच आंधळी. विटा वेगळ्या असतील तर मागाहून बुजवलेली. तरीही कारण करच असेल असं नाही. आतल्या खोल्यांची फेररचना झाली तरी खिडकी जाते.