आघातसजग मसाज

लैंगिक, शारीरिक वा घरगुती अत्याचार सोसलेल्या व्यक्तींसाठीची मसाजपद्धती. तीत स्पर्श कुठे, किती आणि कधीपर्यंत हे उपचार घेणारी व्यक्ती ठरवते. ती मानसोपचाराची जागा घेत नाही. समुपदेशनाच्या जोडीनेच तिचा वापर करणे इष्ट.

उगम : पद्धतीचा कोणी एक जनक सांगता येत नाही. काही लेखक तिचे मूळ मनोविश्लेषक व्हिल्हेल्म राइश यांच्या ‘स्नायुकवच’ या कल्पनेत (१९३० चे दशक) शोधतात. दडपलेल्या भावना स्नायूंच्या ताठरपणात साठतात, असे राइश मानत. १९३४ ते १९३९ या काळात ते नॉर्वेत होते. पुढे ऑस्लोत, साधारणतः १९४० च्या दशकात, फिजिओथेरपिस्ट ओडेल ब्यूलो-हान्सेन व मनोविकारतज्ज्ञ ट्रिग्वे ब्रॉटोय यांनी श्वसन आणि स्नायुताण यांवर आधारलेली फिजिओथेरपी विकसित केली. तीवर राइश यांची छाप असल्याचे मानले जाते. मात्र या परंपरेत उपचारकाचा अधिकार अबाधितच होता. संमतीला केंद्रस्थानी ठेवणारी आजची चौकट स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या चळवळी आणि १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकाराला (भयंकर अनुभवानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराला, PTSD) अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात मिळालेले स्थान यांतून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कार्यपद्धती : अंगावरचे कपडे काढण्याची सक्ती नसते, खुर्चीत बसूनही मसाज घेता येतो. पालथे झोपल्यावर खोलीत कोण वावरते आहे हे दिसत नाही, म्हणून अनेकांना उताणे किंवा कुशीवर झोपणे सोयीचे जाते. दार कुठे आहे, ते कोण उघडू शकते, हे आधीच दाखवतात. हात नव्या जागी नेण्यापूर्वी दर वेळी विचारतात. सुरुवातीची एक संमती येथे पुरत नाही, कारण भीतीने शरीर थिजले की ‘नको’ हा शब्दही फुटत नाही. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. बोलणे जमले नाही तर हात वर करणे ही थांबण्याची खूण ठरलेली असते. श्वास रोखला जाणे, नजर एकाच जागी खिळणे, उत्तरे उशिरा येणे अशी लक्षणे दिसताच मसाज थांबवतात, डोळे उघडायला आणि पाय जमिनीला टेकवायला सांगतात. गळा, पोट व मांड्यांची आतील बाजू सहसा वगळतात.

परिणाम : सेकंदाला सुमारे १ ते १० सेंमी. वेगाचा संथ स्पर्श त्वचेतील विशिष्ट मज्जातंतूंना उद्दीपित करतो व बहुधा सुखद वाटतो. पण अत्याचारही तसाच हळुवार भासवून झाला असेल, तर तोच स्पर्श असह्य होऊ शकतो. मसाजने कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) मोठ्या प्रमाणात घटते, हा मसाज-संशोधक टिफनी फील्ड व सहकाऱ्यांचा दावा २०११ च्या संख्यात्मक आढाव्यात टिकला नाही. बालपणी लैंगिक अत्याचार झालेल्या २४ स्त्रियांवरील सिंथिया प्राइस यांच्या अभ्यासात (२००५) साधा मसाज व शरीरकेंद्री उपचार (मसाजसोबत शरीरातील संवेदनांकडे लक्ष देणे) या दोन्ही गटांत सुधारणा आढळली. गटांमध्ये ठळक फरक नव्हता.