फ्लोअर मॉनिटर म्हणजे आडवा पाडलेला मेन स्पीकर नव्हे

"मॉनिटर कमी पडतोय, पुढच्या वेळी जास्त वॅटचा पाठवा." गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंत हे वाक्य मला सतत फोनवर ऐकू येतं. मॉनिटर म्हणजे गायकाला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून स्टेजवर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. कार्यक्रम गिरगावातल्या चाळीच्या अंगणात असो की पार्ल्याच्या दीनानाथमध्ये, तक्रार तीच आणि सुचवलेला उपायही तोच. आयोजक बिचारे जास्त भाडं द्यायलाही तयार असतात. मोठं खोकं येतं, गायकाला पूर्वीइतकंच ऐकू येतं आणि शिट्टीही पूर्वीइतक्याच लवकर वाजते. मेन स्पीकरला लावायची मोजपट्टी आपण मॉनिटरला लावतो, म्हणून असं होतं.

मेन स्पीकर सगळ्यांना माहीत आहे. स्टेजच्या दोन्ही कडांना, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो आणि त्याने शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. तिथे ताकद लागते, मान्य. मॉनिटर गायकाच्या पायाशी असतो, कानापासून जेमतेम दीड मीटरवर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे तोच स्पीकर 12 मीटरवर जेवढा ऐकू येईल, त्यापेक्षा दीड मीटरवर 18 डेसिबल जास्त मिळतो. मॉनिटरची ताकद सहसा कमी पडतच नाही.

वॅटबद्दल दोन वाक्यांत सांगतो. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि तेवढेच 3 डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारा, स्पीकर घेतला तर त्याच अँप्लिफायरवर मिळतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 1000 वॅट छापलेलं असतं, तो बहुतेकदा पीक, म्हणजे क्षणभरच पेलता येणारा, आकडा असतो. सलग पेलणारी ताकद साधारण त्याच्या चौथाई, म्हणजे 250.

आता खरी मेख. मेन स्पीकर माईकच्या पुढे असतो आणि माईककडे त्याची पाठ असते. मॉनिटरचं तोंड थेट गायकाकडे, म्हणजेच माईककडे असतं. मॉनिटरमधून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, मिक्सरमधून वाढून परत मॉनिटरमध्ये येतो. एखाद्या सुराला या फेरीत घट होण्याऐवजी वाढ होऊ लागली की शिट्टी सुरू. ती वाजण्याआधी गायकाला किती आवाज देता येतो, ही मॉनिटरची खरी क्षमता. खोकं 500 वॅटचं असो की 2000, त्या हद्दीपलीकडची ताकद वापरताच येत नाही. आणि ही हद्द मॉनिटर नुसता मोठा केल्याने हलत नाही. माईक आणि मॉनिटर एकमेकांना कसे बघतात, त्यावर ती ठरते.

गेल्या वर्षी दादरला अभंगांच्या एका कार्यक्रमाला श्रोता म्हणून गेलो होतो. गायिका बैठकीवर, समोर बुटक्या स्टँडवर माईक तोंडाकडे वर वळवलेला, आणि माईकच्या शेपटीच्या अगदी रेषेत 12 इंची मॉनिटर. पहिल्याच अभंगात बाईंनी दोनदा बोट वर केलं. ऑपरेटरने वाढवला, शिट्टी आली, त्याने उतरवला. बाई डावा हात कानामागे धरून गात राहिल्या. मध्यंतरात 15 इंची मॉनिटर आणून त्याच जागी ठेवला. चाचणी घेतली तर तीच शिट्टी, त्याच सुरात. मला राहवेना. पुढे जाऊन माईक पाहिला, सुपरकार्डिऑइड जातीचा होता. "भाऊ, मॉनिटर मधून काढून बाजूला घेऊ या का?" म्हणालो. त्यानेही मनाला लावून न घेता लगेच हात लावला.

झालं होतं असं. माईक कुठल्या दिशेने किती ऐकतो, त्यावर त्याची जात ठरते. साधा कार्डिऑइड माईक, म्हणजे शुअरच्या एसएम 58 सारखा, बरोबर मागून, 180 अंशांवर, सगळ्यात बहिरा असतो. त्याच्या शेपटीसमोर मॉनिटर ठेवणं अगदी योग्य. सुपरकार्डिऑइड, म्हणजे बीटा 58ए सारखा, बाजूने जास्त बहिरा असतो, पण बरोबर मागून त्याला थोडं ऐकू येतं. त्याची सगळ्यात बहिरी जागा 126 अंशांच्या आसपास, म्हणजे शेपटीच्या रेषेपासून दोन्हीकडे साधारण 55 अंश सरकून. हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात प्रत्येक पट्टीला थोडे हलतात, पण जागा शोधायला पुरेसे आहेत. आम्ही जुने 12 इंची दोन मॉनिटर त्या दोन जागी लावले. मध्यंतरानंतरच्या अभंगात बाईंचा डावा हात कानावरून मांडीवर आला आणि तिथेच ताल धरू लागला.

हातात माईक धरणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: जाळी मुठीत आवळू नका. माईकच्या मागच्या फटींतून हवा जाते म्हणून तर तो मागून बहिरा राहतो. त्या झाकल्या की तो चहूबाजूंनी ऐकू लागतो, आणि मग मॉनिटर कितीही नीट लावलेला असला तरी शिट्टी येणारच.

मॉनिटर निवडायचा झाला तर मी आधी रिस्पॉन्सचा आलेख, म्हणजे कुठला सूर तो किती जोरात देतो ते, बघतो. 2–3 किलोहर्ट्झला 6 डेसिबलचा उंचवटा असेल तर शिट्टी तिथेच पहिली फुटते, आणि तो उंचवटा इक्वलायझरवर काढला नाही तर अख्खा मॉनिटर 6 डेसिबल खाली ठेवावा लागतो. मेनमध्ये असला उंचवटा "चमक" म्हणून खपून जातो. मॉनिटरला सपाट आलेखच हवा.

म्हणून मेनचा स्पीकर आडवा पाडून मॉनिटर करण्याला माझा ठाम विरोध आहे. स्पीकरमध्ये वरचे सूर हॉर्न म्हणजे भोंगा देतो आणि खालचे वूफर. 90 अंश आडवा आणि 60 अंश उभा आवाज पसरवणारा हॉर्न आडवा केला की 60 अंश आडवे आणि 90 उभे होतात. आवाज छताकडे उधळतो, आणि गायक दोन पावलं सरकला की झोताबाहेर जातो. हॉर्न फिरवून बसवता येत असेल तर एवढा दोष निघतो. पण वूफर आणि हॉर्न शेजारी शेजारी आले, की मान डावी-उजवीकडे हलवताच क्रॉसओव्हरजवळचे, म्हणजे दोघांतूनही निघणारे, सूर गायब होतात आणि परत येतात. गायक म्हणतो "आवाज पळतोय", आणि ते खरं असतं. कोअॅक्शियल मॉनिटरमध्ये हॉर्न वूफरच्या मधोमध असतो, त्यामुळे हा त्रास जवळपास उरत नाही. महाग पडतो, तरी भाड्याने घेताना मी तोच मागतो.

जमिनीवर ठेवल्याने खर्ज फुगतो, तो कापावा. खोक्यावर "मॉनिटर" असं सेटिंग असेल तर ते बहुधा हेच काम करतं. हँडल, जाळी, रंग यांवर वेळ घालवू नये.

कोन मात्र बघायलाच हवा, आणि आपल्याकडे तो हमखास चुकतो. बहुतेक मॉनिटर उभ्या गायकासाठी कललेले असतात. बैठकीच्या गायकाच्या डोक्यावरून त्यांचा झोत जातो आणि आवाज मागच्या तानपुऱ्यांना मिळतो. दोन कोनांत ठेवता येणारं खोकं असेल तर उत्तम. नसेल तर मी मागच्या कडेखाली लाकडी ठोकळा देतो, गायक यायच्या आधी बैठकीवर मांडी घालून बसतो आणि हॉर्न थेट माझ्या डोळ्यांत बघतोय ना, एवढं तपासतो.