दप्तरात काय भराल?

सातवीच्या वर्गाला मी म्हटलं, “दप्तर रिकामं करा. समजा, आज रात्रीच गाव सोडायचंय आणि परत कधी यायचं ते माहीत नाही. दप्तरात मावेल तेवढंच न्यायचं. काय न्याल?” याद्या आल्या: मोबाईल, चार्जर, आधार कार्ड, आजीची गोधडी. एकीने कुत्र्याचं नाव लिहून खोडलं होतं आणि तिचे डोळे भरून आले होते. तास चांगला झाला, असं वाटून मी घरी गेले. चार दिवसांनी ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा वर्गात दाखल झाला, तर त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार होईना. डोळे भरून आलेली ती मुलगीसुद्धा बाक सोडून पुढे जाऊन बसली.

मुलं वाईट नव्हती. चूक माझ्या प्रश्नात होती, हे नंतर वाचताना कळलं.

समानुभूती म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं आणि त्याची झळ आपल्यालाही लागणं. कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांचा 1997 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. आई-वडील अपघातात गेलेल्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या एका तरुणीची मुलाखत त्यांनी विद्यार्थ्यांना ऐकवली. काहींना सांगितलं, ‘तिला काय वाटत असेल याची कल्पना करा’. काहींना सांगितलं, ‘तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं, याची करा’. कळवळा दोन्ही गटांना आला. दुसऱ्या गटात मात्र त्याच्या जोडीला स्वतःचीच घालमेल सुरू झाली, आणि घालमेल झालेला माणूस आधी स्वतःला सावरतो. माझ्या वर्गाने शोक केला तो स्वतःच्या कुत्र्याचा आणि स्वतःच्या गोधडीचा.

स्वतःला बाजूला ठेवणं मेंदूलाही जड जातं. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांची एक गंमतशीर चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली. तुमच्या हाताला काहीतरी बुळबुळीत लावायचं, त्याच वेळी शेजारच्याच्या हाताला मऊ लोकर, आणि विचारायचं, ‘शेजाऱ्याला कसं वाटलं?’ आपल्याला किळस आली असली की शेजाऱ्याचं सुख आपण कमी धरतो. कानाच्या वर, थोडा मागे, मेंदूच्या उजव्या बाजूला एक छोटा भाग आहे. तो ही चूक सुधारतो. त्याच्या कामात चुंबकीय लहरींनी अडथळा आणल्यावर चूक आणखी वाढली.

माझा दप्तराचा प्रश्नही नवा नाही. 2016 साली अमेरिकेत पाच हजारांहून जास्त प्रौढांवर जवळपास तोच वापरला गेला: तुम्ही निर्वासित आहात, काय बरोबर न्याल, कुठे जाल? त्यानंतर सीरियन निर्वासितांच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहायला थोडे जास्त लोक तयार झाले. निर्वासितांची नुसती माहिती देऊन एवढंही साधलं नव्हतं. पण हा परिणाम थोड्याच काळात ओसरला.

टिकणारं काम कसं असतं ते तुर्कस्तानात दिसलं. तिथे लाखो सीरियन निर्वासित आले, मुलं स्थानिक शाळांत बसू लागली, भांडणं सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञ सुले आलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 80 प्राथमिक शाळांत एक अभ्यासक्रम तपासला. वर्गाच्या नेहमीच्याच शिक्षकांनी तो वर्षभर शिकवला. भर एकाच गोष्टीवर होता: समोरच्याच्या बाजूने प्रसंग बघायचा. शाळेतली मारामारी कमी झाली, स्थानिक आणि निर्वासित मुलांमध्ये मैत्री वाढली आणि निर्वासित मुलांचं तुर्की सुधारलं. भाषा सुधारली हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण शेजारी बसून बोलायला कुणी असल्याशिवाय भाषा येत नाही.

इंग्लंडमध्ये लिंडसे कॅमेरॉन आणि ॲडम रटलंड या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना सहा आठवडे गोष्टी वाचून दाखवल्या: इंग्रज मूल आणि निर्वासित मूल यांच्या मैत्रीच्या. ‘आपण सगळे एकाच शाळेचे’ एवढंच सांगणाऱ्या गोष्टींपेक्षा ‘एकाच शाळेचे, आणि तरी तू तिकडचा, मी इकडचा’ असं मोकळेपणाने म्हणणाऱ्या गोष्टींचा उपयोग जास्त झाला. ओळख पुसून टाकावी लागत नाही.

मग मी धडा बदलला. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना सायबेरियाकडे हाकललं होतं; तिथून इराणमार्गे ते इथे आले. पुढे त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं वसली आणि गांधीनगर उभं राहिलं. दिवाळीचे कपडे घ्यायला आम्ही जातो ते हेच गांधीनगर.

या वेळी दप्तर काढलं नाही. छावणीतली बारा वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा म्हटलं आणि तिच्याविषयी प्रश्न काढायला सांगितले. “बाई, तिने असा पाऊस आधी पाहिला होता का?” “तिचे बाबा सैन्यात असतील, तर पत्र यायचं का?” “भाजी घ्यायला गेल्यावर ती काय बोलायची?” दर शनिवारी एक तास, असं आता दोन महिने चाललंय. ऊसतोडीचा तो मुलगा तिसऱ्या शनिवारी पहिल्यांदा बोलला: कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, पाऊस शिरला की आधी काय उचलतात, ते त्याने सांगितलं. चूल.

पुढच्या शनिवारी गांधीनगरचे एक आजोबा वर्गात येणार आहेत. त्यांना विचारायचे प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलेत. कुत्र्याचं नाव खोडणाऱ्या मुलीचा पहिला आहे: “नव्या शाळेत पहिल्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”