२५५च्या पुढचा मजकूर जातो कुठे?

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या फॉर्मवर ‘शेरा’ नावाचा रकाना हमखास असतो. त्यात जरा मोठी नोंद टाइप करायला घ्या, २५५व्या अक्षराला कर्सर अडतो. या आकड्याचं मूळ ॲक्सेसच्याही आधीचं आहे.

डीबेस थ्री हे जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर १९८४ साली आलं. त्याच्या फाइलच्या सुरुवातीला प्रत्येक रकान्याची रुंदी लिहिलेली असे, आणि त्यासाठी जागा होती एकच बाइट. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. डीबेसने अक्षरांच्या रकान्याला प्रत्यक्षात २५४ची मर्यादा ठेवली. शिवाय रुंदी ठरलेली असल्यामुळे रिकामा रकानाही पूर्ण जागा खाई. हजार नोंदींचा २५४ रुंदीचा शेरा म्हणजे अडीच लाख बाइट, तेव्हाच्या ३६० केबीच्या फ्लॉपीचा दोन-तृतीयांश भाग! त्यामुळे शेरा ४०-५० अक्षरांत उरकायची सवय लागली. कुणी शेरा१, शेरा२, शेरा३ असे तीन रकाने करून फॉर्मवर एकाखाली एक मांडत. दिसायला ठीक, पण शोधताना शब्द दोन रकान्यांत तुटलेला असला की सापडत नसे.

लांब मजकुरासाठी डीबेसने मेमो काढला. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये, ५१२ बाइटांच्या तुकड्यांत, आणि मूळ नोंदीत दहा जागांचा फक्त पत्ता. फॉर्मवर ‘मेमो’ एवढाच शब्द दिसे; कंट्रोल आणि पेज डाउन दाबल्यावर मजकूर उघडे. ती दुसरी फाइल कॉपी करायची राहिली की सगळे शेरे गेले.

१९९२च्या नोव्हेंबरात ॲक्सेस आलं तेव्हा ही दोन फाइलींची कटकट संपली, मात्र वाटणी तीच राहिली: २५५पर्यंत टेक्स्ट, त्यापुढे मेमो. ॲक्सेस २०१३मध्ये त्यांची नावं शॉर्ट टेक्स्ट आणि लाँग टेक्स्ट झाली. मर्यादा तिथेच.

मराठीत ती अधिक जाचते. ॲक्सेस २००० युनिकोडवर, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना वेगवेगळे क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर, गेलं आणि मराठी मजकूर खास फॉन्टशिवाय साठवता येऊ लागला. पण मोजणी डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरांची नसते. ‘ग्रामपंचायत’ आपल्याला सहा अक्षरांचं दिसतं. काना, अनुस्वार, हलन्त सुटे धरून संगणक ते अकरा मोजतो. अर्जाचा नमुना इंग्रजीत आखून त्यात मराठी भरायला लावलं की मजकूर अडतो, आणि भरणाऱ्याला वाटतं आपणच पाल्हाळ लावलं.

कर्सर अडतो ते एक वेळ परवडलं, चूक समोर तरी दिसते. खरा घात गुपचूप कापण्यात आहे. टेबलात रकाना लाँग टेक्स्ट आहे, मजकूर पूर्ण साठवलेला आहे, आणि फॉर्मवर मात्र पहिली २५५ अक्षरंच येतात. कारण बहुधा फॉर्मखालच्या क्वेरीत, म्हणजे टेबलातून नोंदी निवडून आणणाऱ्या आदेशात, सापडतं. ‘डिस्टिंक्ट’ (दुहेरी नोंदी गाळणं), ‘ग्रुप बाय’ (गट पाडणं) किंवा साधं ‘युनियन’ (याद्या जोडून दुहेरी नोंदी गाळणं) वापरलं की ॲक्सेसच्या इंजिनाला नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात, आणि लांबलचक मजकूर ताडण्याऐवजी ते तो २५५वर छाटतं. रकान्याच्या ‘फॉरमॅट’मध्ये (मजकूर कसा दिसावा याच्या सेटिंगमध्ये) कुणी ‘@’ किंवा ‘>’ घालून ठेवलं असेल तरी तेच. सूचना येत नाही, एररही नाही. माझ्या मते ॲक्सेसमधली ही सर्वांत वाईट खोड आहे.

एक्सेलमधून आणलेल्या यादीतही हाच प्रकार होतो. आयात करताना पहिल्या काही ओळी, सहसा आठ, पाहून रकान्याचा प्रकार ठरतो. त्यांत २५५पेक्षा लांब मजकूर नसला तर खालचे मोठे शेरे कापले जातात. म्हणून जाणकार पहिल्याच ओळीत ३०० अक्षरांची खोटी नोंद घालतात आणि आयात झाल्यावर ती पुसतात. जुगाडच, पण चालतो.

क्वेरीतल्या वाटा त्या मानाने सरळ आहेत. दुहेरी नोंदी चालणार असतील तर ‘युनियन ऑल’ लिहायचं, म्हणजे ताडणंच होत नाही. ‘ग्रुप बाय’मध्ये शेऱ्यावर गट पाडण्याऐवजी गटातला पहिला शेरा घेणारं ‘फर्स्ट’ लावायचं. ‘डिस्टिंक्ट’ लागतच असेल तर ते फक्त क्रमांकाच्या रकान्यावर करायचं आणि शेरा दुसऱ्या क्वेरीत मूळ टेबलाशी जोडून आणायचा.