सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग: एक होडीने, एक एसटीने

सिंधुदुर्ग नावाच्या रेल्वे स्टेशनवर उतरलात तर समोर किल्ला दिसणार नाही, समुद्रही नाही. ते स्टेशन ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ आहे. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळ्या निघालेल्या जिल्ह्याला किल्ल्याचं नाव दिलं गेलं आणि तेव्हापासून नवख्या माणसाची ही चुकामूक ठरलेली. किल्ला मालवणला. तिथे जायला कुडाळला उतरणं बरं.

दुसरा घोळ याहून मोठा. विजयदुर्ग याच जिल्ह्यातला, तोही सागरी, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये दोघंही. त्यामुळे 'मालवणला जातोच आहोत, तर दोन्ही एका दिवसात उरकू' असा बेत घरोघरी ठरतो. मालवणहून आचरा-देवगडमार्गे विजयदुर्ग गाठायला दोन-अडीच तास सहज जातात. शिवाय उरकून टाकावा असा यातला एकही किल्ला नाही.

दोघांची घडणच वेगळी आहे. सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी कोऱ्या जागेवर उभा केला. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला उभा राहिला. बेटाचा काठ जसा वळतो तसा तट वळलेला. विजयदुर्ग मात्र थरावर थर चढत वाढला. वाघोटन खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला शिलाहारांच्या काळापासूनचा मानतात. शेजारच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत. महाराजांनी १६५३ मध्ये तो आदिलशाहीकडून घेतला, नाव बदललं, त्याला तिहेरी तटाचं बळ दिलं. पुढे आंग्र्यांनी तो गाजवला.

बेत आखताना हाच फरक कामाला येतो. सिंधुदुर्गात तुमचं घड्याळ होडीवाल्याच्या हातात असतं. मालवणच्या धक्क्यावरून होडी निघते, किल्ल्याशी उतरवते, आणि साधारण तासाभराची मुदत देऊन त्याच होडीने परत आणते. तीनेक किलोमीटरचा तट तासात फिरून होत नाही. म्हणून चढण्याआधीच होडीवाल्याशी बोलून घ्या की आम्ही नंतरच्या फेरीने परत येऊ. सकाळच्या पहिल्या होड्यांना गर्दी कमी, ऊनही कमी.

होडी किल्ल्याजवळ येत असताना दरवाजा कुठे आहे ते शोधून बघा. सापडत नाही. समोर नुसती काळी भिंत. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधून वाट वळते आणि त्या वळणाआड दरवाजा उघडतो. शत्रूच्या तोफेला तो सरळ रेषेत कधीच मिळत नव्हता. मला या किल्ल्यातलं सगळ्यात आवडतं ठिकाण तेच, आणि ते होडीतूनच नीट कळतं. आत गेल्यावर दरवाजाजवळच्या तटावर दोन लहान घुमट्या आहेत. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे म्हणून तिथे जपले आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेलं श्रीशिवराजेश्वराचं मंदिर चुकवू नका. नित्य पूजेतलं महाराजांचं असं जुनं देऊळ दुसरीकडे सहसा भेटत नाही. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. गडावर आजही काही कुटुंबं राहतात, तेव्हा अंगणातून जाताना विचारून जावं.

विजयदुर्गाला होडी लागत नाही. पूर्वेकडून तो जमिनीला जोडलेला आहे, एसटी किल्ल्याजवळच थांबते, आणि वेळ सगळा तुमचा. पण म्हणून तासाभरात बाहेर पडू नका. सतरा एकर ऐकायला कमी वाटतात. आत एकामागून एक दरवाजे, तटाच्या पोटातल्या वाटा, धान्यकोठार, सदर, खलबतखाना असं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. माहीतगार माणूस सोबत घेतला तर चार तास अपुरे पडतात. समुद्राकडच्या तटावर तोफगोळ्यांच्या खुणा दाखवतात. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी इथे हल्ला केला, खाडीत नांगरलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराला आग लागली आणि एकातून दुसरं गलबत पेटत सगळं आरमार जळालं. त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तटावर उभं राहून खाडीकडे बघताना हे आठवलं की अजूनही पोटात तुटतं.

विजयदुर्गासमोर समुद्रात काही अंतरावर पाण्याखाली एक भिंत आहे. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटत, असं गावात सांगतात. ती वरून दिसत नाही, तेव्हा ओहोटी गाठायची धडपड त्यासाठी करू नका. ओहोटीचा उपयोग मालवणला. सुकती चांगली असेल तर दांडीच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गासमोरच्या छोट्या पद्मगडावर चालत जाता येतं. वेळ मात्र तिथल्या मच्छीमारालाच विचारा. भरती परत फिरली की वाळूची वाट बघता बघता बुडते.

विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून, सूर्यग्रहण बघताना हेलियमचा शोध इथे लागला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरंच. पण ज्यांचं नाव घेतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते, आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं. ओटे जरूर बघा, मुलांना एवढं खरं सांगा.

राहता राहिला पावसाळा. त्या महिन्यांत सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात. विजयदुर्ग मात्र पावसातही पायी बघता येतो, फक्त शेवाळलेल्या तटावर चढू नका. जुलैत मालवणला असाल तर मोरयाच्या धोंड्यापाशी जा. किल्ल्याच्या पायाभरणीआधी पूजा झाली ती किनाऱ्यावरच्या याच खडकाशी; त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. तिथून उधाणाच्या लाटा सिंधुदुर्गाच्या तटावर फुटताना समोर दिसतात.