खिंडीची उंची आणि दिवसाचा चढ: सायकलस्वाराला चकवणारे दोन आकडे

सायकलवरून डोंगर ओलांडायचा बेत शिजू लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खिंड किती उंच? पाच हजार मीटर ऐकलं की अर्धे भिडू गळतात, तीन-साडेतीन हजार म्हटलं की 'मग जमेल' असा सूर लागतो. आणि नकाशावर रस्ता नदीला धरून चाललेला दिसला, की तो दिवस आरामाचा समजून त्यात शंभर किलोमीटर कोंबले जातात. दोन्हीकडे घोळ एकच. समुद्रसपाटीपासूनची उंची हा एक आकडा आणि दिवसभरात पायांनी चढलेले एकूण मीटर हा दुसरा. पहिला पाटीवर लिहिलेला असतो, दुसरा शोधावा लागतो, म्हणून पहिल्यावरच भागवलं जातं.

लडाखमधली खारदुंग ला आणि इटलीतली स्टेल्व्हिओ या दोन खिंडी शेजारी ठेवून बघा. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे (माथ्यावरच्या पाटीवर बरीच वर्षं ५,६०२ लिहिलेलं होतं, तेव्हा पाट्यांवरही फार विसंबू नये). स्टेल्व्हिओ २,७५७ मीटरवर, म्हणजे जेमतेम निम्म्यावर. आता सुरुवात कुठून होते ते पाहा. लेह मुळातच सुमारे ३,५०० मीटरवर वसलंय. तिथून माथ्यापर्यंत चढ भरतो साधारण १,८५० मीटर. स्टेल्व्हिओचा ४८ वळणांचा प्रसिद्ध रस्ता प्रातो गावातून निघतो आणि ते गाव हजार मीटरच्याही खाली आहे. तिथून चढ भरतो सुमारे १,८४० मीटर. पायांच्या लेखी दोन्ही सारखेच! उलट स्टेल्व्हिओ हे सगळं २४-२५ किलोमीटरमध्ये उरकते, म्हणजे सरासरी चढण साडेसात टक्क्यांच्या आसपास (शंभर मीटर पुढे गेलं की साडेसात मीटर वर). लेहकडच्या रस्त्याला त्यासाठी चाळीसेक किलोमीटर मिळतात आणि सरासरी पाच टक्क्यांच्या आत राहते. नुसती चढण बघितली तर इटलीतली खिंड जास्त खडी आहे.

मनाली-लेह रस्त्यावर हीच गंमत एका दौऱ्यात अनुभवायला मिळते. रोहतांग ३,९७८ मीटर, तर तांगलांग ला पाच हजार तीनशेच्या घरात. पण मनालीहून रोहतांगला जाताना ५१ किलोमीटरमध्ये जवळपास १,९५० मीटर चढावे लागतात. लेहच्या दिशेने तांगलांग ला लागते ती मोरे मैदानानंतर, आणि ते मैदान स्वतःच ४,६००-४,७०० मीटरवर पसरलेलं आहे. खिंडीचा म्हणून जो चढ उरतो तो सहा-सातशे मीटरचा. खिंड एकच असली तरी बाजू बदलली की हिशेब बदलतो. जोजी ला ३,५२८ मीटरवर आहे. सोनमर्गकडून आलात तर सात-आठशे मीटर चढायचेत, द्रासकडून आलात तर पातळीतला फरक अडीचशेच्या आसपास.

मग कुठला आकडा कशासाठी बघायचा?

चढाचे मीटर म्हणजे सरळ सरळ काम. स्वार, सायकल, पॅनियर (चाकांच्या बाजूला लावायच्या पिशव्या), तंबू, पाणी सगळं मिळून १०० किलो धरा. हे ओझं १०० मीटर वर उचलायला सुमारे ९८ किलोज्यूल लागतात. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे पोटातून खर्च होतात जवळपास शंभर किलोकॅलरी. हे नातं लक्षात ठेवायला सोपं आहे: १०० किलोला हजार मीटर चढ म्हणजे हजार किलोकॅलरी, आणि तेही नुसतं उचलण्याचे, चाकांचं घर्षण आणि वारा वेगळा. वेळेचा अंदाजही याच आकड्यातून निघतो. सामानासकट तासाला ४०० मीटर चढायचे तर फक्त गुरुत्वाकर्षणाशी झगडायला ११० वॉट लागतात. बऱ्यापैकी सवय असलेल्याला हे झेपतं, म्हणजे १,८५० मीटरला साडेचार तास, विश्रांती सोडून. किलोमीटरवरून वेळ काढणारा माणूस इथे हमखास फसतो.

समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते हवेबद्दल. हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, पण दाब घटतो: स्टेल्व्हिओवर तो समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या थोडा वर राहतो, खारदुंग लावर जवळपास निम्मा. दीड हजार मीटरच्या वर दर शंभर मीटरला शरीराची कमाल क्षमता अंदाजे एक टक्क्याने उतरते. त्यामुळे वरचे साडेचार तास स्टेल्व्हिओवर थोडेफार जुळतील, लेहच्या वर नाही. आणि प्रश्न फक्त दमण्याचा नाही. २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास सुरू होऊ शकतो आणि कमावलेल्या मांड्यांचा त्यावर काही उपयोग नसतो. उलट दणकट गडी भराभर वर पोचतो आणि आधी आडवा होतो. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. इथे शब्द 'झोपायची' असा आहे. खिंड कितीही उंच असो, संध्याकाळी तंबू कुठे लागतो ते महत्त्वाचं.

थंडीही याच आकड्याची. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं. चढताना घामाघूम झालेला माणूस तसाच उताराला लागला की दहाव्या मिनिटाला बोटं ब्रेक दाबायला तयार नसतात. जॅकेट माथ्यावरच चढवायचं, पहिल्या वळणानंतर नाही.

आता नदीकाठचा रस्ता, कारण खरी फसगत तिथेच होते. पाणी उतारानेच वाहतं, म्हणून काठचा रस्ताही सलग उतरेल असं वाटणं साहजिक आहे. काही ठिकाणी तसं घडतंही. डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना हे अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त आहे आणि तेवढ्यात नदी उतरते दीडशे मीटरच्या आसपास. तिथली सायकलची वाट बऱ्याच भागात जुन्या काळी घोड्यांनी नावा ओढायच्या पायवाटेवरून जाते. नाव ओढायची तर घोड्याला पाण्याला चिकटूनच चालावं लागतं, त्यामुळे ती वाट सपाट असण्याला पर्यायच नव्हता.

डोंगरातल्या नदीकाठच्या मोटाररस्त्याला असं बंधन नसतं. पुराचं पाणी आणि दरडी चुकवायला तो कड्याच्या कमरेवर चढतो, घळ अरुंद झाली की आणखी वर सरकतो आणि बाजूने येऊन मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यापाशी पूल गाठायला खाली येतो. लेहहून सिंधूच्या प्रवाहाबरोबर निम्मू, बाजगो, सासपोल करत खाल्त्सीला निघालात तर शेवटी तुम्ही चारशे-पाचशे मीटर खाली पोचता. रस्ता मात्र मधल्या पठारांवर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. अशा रस्त्याचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. ८० किलोमीटरमध्ये बारा ओढे आणि प्रत्येकापाशी ६० मीटर खाली-वर धरलं, तर ७२० मीटर चढ जमा झाला. तांगलांग लाच्या शेवटच्या चढापेक्षा जास्त, आणि वाटेत खिंड म्हणून एकही नाव नाही.

यातला एक दाता जवळून बघू. वळण घेताच खाली लोखंडी पूल दिसतो. रस्ता ओढ्याकडे झपकन उतरतो आणि तुम्ही अजून मोठ्या गिअरमध्ये आहात. पुलाच्या अलीकडे वाहून आलेली वाळू आणि खडी, म्हणून ब्रेक. जमवलेला सगळा वेग तिथेच मेला. पुलाच्या पत्र्यावरून खडखडत पलीकडे जाता आणि लगेच आठ टक्क्यांची चढण. गिअर तोच, उतारावरचा. मग भार देऊन गिअर पाडायची धडपड, साखळीची कडकड, कधी ती उतरतेच. उपाय साधा आहे, पुलाच्या आधी ब्रेक दाबतानाच पेडल हलकं फिरवत गिअर खाली आणायचा. पण दुपारी चार वाजता नवव्या ओढ्यापाशी ते सुचायला हवं.

'उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाला कामी येतो' हे खरं आहे, पण थोडंच. ताशी ५० किलोमीटरचा वेग, वारा आणि घर्षण नसतं असं गृहीत धरलं तरी, तुम्हाला जेमतेम १० मीटर वर नेऊन सोडतो. ३६ च्या वेगात पाचच मीटर. म्हणजे बारीक चढउतार जवळपास फुकटात पार होतात, साठ मीटरचा चढ नाही. त्यात दऱ्यांमध्ये दुपारी वारा बहुधा खालून वर वाहतो, कारण उन्हाने तापलेली हवा दरीतून वर सरकते. नदीबरोबर खाली चाललेल्या सायकलस्वाराला तो बरोबर तोंडावर बसतो. माझ्या मते अशा दिवशी उजाडताच निघावं आणि अंतर कमीच ठेवावं. खिंडीच्या दिवसाला निदान माथा तरी असतो, चढ कधी संपणार ते दिसतं.

राहिला प्रश्न चढाचा आकडा आणायचा कुठून. मार्ग आखायची अ‍ॅप तो देतात, पण एकाच रस्त्याचा दोन अ‍ॅपमध्ये वेगळा येतो. ती जमिनीच्या उंचीची चौकटी-चौकटींत मोजलेली माहिती वापरतात. २००० साली अंतराळयानातून केलेली रडार मोजणी त्यातलीच, तिची चौकट साधारण ३० मीटरची. मोकळ्या माळावर हे चालून जातं. कड्याला खेटून गेलेल्या रस्त्यावर मात्र एकाच चौकटीत रस्ता, दरी आणि डोंगर तिन्ही येतात, आणि नसलेले चढउतार आकड्यात घुसतात. हवेच्या दाबावर चालणारा सायकल कॉम्प्युटर याबाबतीत जास्त भरवशाचा, फक्त हवामान पालटलं की तोही जागच्या जागी मीटरं चढवतो किंवा उतरवतो.

सगळ्यात मोठा गोंधळ बोगद्यांचा. अ‍ॅपला रस्ता डोंगराच्या पोटातून जातो हे बऱ्याचदा कळत नाही, ते तुम्हाला डोंगरावरून नेतं. आलेखात एखादा सुळका अचानक दोनशे मीटर वर जाऊन तसाच खाली आलेला दिसला, तर त्या जागी उपग्रहाच्या चित्रात रस्ता शोधा. तो डोंगरात गडप होत असेल तर ते दोनशे मीटर हिशेबातून वजा करा आणि आदल्या रात्री पुढचा-मागचा दिवा चार्जिंगला लावा.